गोळी तीच, झडप कोणती?

मायट्रल झडप आवळलेल्या रुग्णाला डॉक्टर मेटोप्रोलॉलची लहानशी गोळी लिहून देतात. मग औषधाच्या दुकानात नाहीतर घरात कोणीतरी म्हणतेच, ‘‘अहो, ही तर बीपीची गोळी. तुम्हाला कुठे बीपी आहे?’’ प्रश्न रास्त आहे. अशा रुग्णाचा रक्तदाब बहुतेक वेळा नीट असतो, कधी कधी तर कमीच असतो. गोळीने झडप केसभरही उघडत नाही. तरी ती सुरू झाल्यावर अनेकांची धाप कमी होते, जिना चढताना मध्येच थांबावे लागत नाही, रात्री उशांची चळत लावून बसण्याची वेळ येत नाही. दुसऱ्या एखाद्या रुग्णाची झडपच बिघडलेली असते, पण वेगळी. त्याला हीच गोळी भलत्या वेळी दिली तर तो अत्यवस्थ होऊ शकतो. झडपांच्या आजारात मेटोप्रोलॉलसारखे बीटा-ब्लॉकर कुठे उपयोगी आणि कुठे धोक्याचे, हे समजून घ्यायचे तर आधी ताणाची हार्मोन्स हृदयाकडून काय करवून घेतात ते पाहावे लागते.

ही हार्मोन्स मुख्यतः दोन, अॅड्रिनलिन आणि नॉरअॅड्रिनलिन. अॅड्रिनलिन मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथींच्या गाभ्यातून रक्तात येते. जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने 1901 मध्ये ते शुद्ध स्वरूपात मिळवल्याचे जाहीर केले. नॉरअॅड्रिनलिन थोडेफार रक्तात असते, पण हृदयापर्यंत पोचणारे बरेचसे तिथल्या तिथेच सुटते. सिंपथेटिक मज्जातंतूंची बारीक टोके हृदयाच्या स्नायूत सर्वत्र पसरलेली असतात, ती ते सोडतात. म्हणजे मेंदूकडून निघालेला हुकूम हृदयाला दोन वाटांनी मिळतो, तारेने आणि रक्ताने. हुकूम एकच असतो: वेगाने धडधड, जोराने आकुंचन पाव. कॉर्टिसॉल हेही ताणाचेच हार्मोन, पण त्याचा मार्ग निराळा आहे आणि बीटा-ब्लॉकर त्यात थेट हात घालत नाहीत. ‘ही गोळी सगळा स्ट्रेस कमी करते’ असे सांगणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात ठेवायला हवे.

हा हुकूम पेशीत शिरतो कुठून, याचे उत्तर अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात काम करणाऱ्या रेमंड आल्क्विस्ट यांनी 1948 मध्ये दिले. एकच रसायन काही रक्तवाहिन्या आवळते, काही सैल करते आणि हृदयाला मात्र पळवते. त्या अर्थी पेशींवर दोन प्रकारचे रिसेप्टर असले पाहिजेत, असे त्यांनी मांडले आणि त्यांना अल्फा व बीटा अशी नावे दिली. त्या काळच्या बहुतेक औषधशास्त्रज्ञांना हे पटले नाही. एका नामवंत नियतकालिकाने त्यांचा लेख परत पाठवला, तो दुसरीकडे छापून आला आणि कित्येक वर्षे जवळपास दुर्लक्षित राहिला.

तो लेख मनावर घेतला जेम्स ब्लॅक या स्कॉटिश डॉक्टरने. अंजायनाच्या रुग्णाच्या हृदयाला ऑक्सिजन कमी पडतो, म्हणून त्या वेळचे सगळे प्रयत्न रक्तपुरवठा वाढवण्याकडे होते. ब्लॅक यांनी प्रश्न उलटा धरला: हृदयाची मागणीच कमी केली तर? मागणी वाढवतात ती ताणाची हार्मोन्स. ती बनायची थांबवणे अवघड, पण बीटा रिसेप्टरवर दुसरेच काही बसवून ठेवले तर हार्मोनला जागाच मिळणार नाही. आयसीआय या ब्रिटिश कंपनीच्या प्रयोगशाळेत या विचारातून आधी प्रोनेथॅलॉल आणि 1964 मध्ये प्रोप्रॅनोलॉल आले. ब्लॅक यांना 1988 चे नोबेल मिळाले. प्रोप्रॅनोलॉलचा मुंबईशीही जवळचा संबंध आहे. मुंबईच्या सिप्ला कंपनीने ते भारतात बनवायला घेतले तेव्हा आयसीआयने हरकत घेतली. त्या वादाचा दाखला देऊन सिप्लाचे युसूफ हमीद यांनी पेटंट कायदा बदलण्याचा आग्रह धरला. नव्या कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट देणे 2005 पर्यंत बंद राहिले, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर देणे चालू राहिले. झडपेच्या आजाराचा आपल्याकडचा रुग्ण बहुधा गरीब घरातला आणि वर्षानुवर्षे गोळ्या घेणारा. त्याला ही औषधे परवडतात यामागे हा इतिहास आहे, आणि मला तो महत्त्वाचा वाटतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बीटा-ब्लॉकर घेतला की रक्तातली ताणाची हार्मोन्स कमी होतात, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात औषध हार्मोनचे कारखाने बंद करत नाही. सुरुवातीच्या काळात तर रक्तातले नॉरअॅड्रिनलिन किंचित वाढूही शकते: हृदयाचा जोर थोडा कमी झाल्याचे शरीराला जाणवते आणि ते आणखी हुकूम सोडते. फरक एवढाच की हुकूम पोचला तरी हृदयाला तो पूर्वीइतका ऐकू येत नाही. औषधाचे काही परिणाम मात्र खरोखर हार्मोन्सवर होतात. मूत्रपिंडातल्या ज्या पेशी रेनिन सोडतात त्यांच्यावरही बीटा रिसेप्टर असतात. ते अडवले की रेनिन कमी होते आणि त्याच्या पाठोपाठ अँजिओटेन्सिन व अल्डोस्टेरॉन कमी होतात. पाणी-मीठ धरून ठेवणारी ही साखळी झडपांच्या रुग्णाला पायावरच्या सुजेच्या रूपाने चांगली परिचयाची असते. शिवाय बीटा रिसेप्टरच्या बीटा-1 आणि बीटा-2 अशा दोन जाती आहेत; मज्जातंतूंच्या टोकांवरही बीटा-2 जातीचे रिसेप्टर असतात आणि ते नॉरअॅड्रिनलिन सुटायला मदत करतात. कार्व्हेडिलॉलसारखे औषध दोन्ही जातींचे बीटा रिसेप्टर अडवत असल्याने हृदयातच नॉरअॅड्रिनलिन सुटण्याचे प्रमाण घटवू शकते. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल ही औषधे नेहमीच्या मात्रेत मुख्यतः बीटा-1 वर काम करतात.

आता मायट्रल झडपेकडे येऊ. हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधला, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या अलिंद आणि निलयामधला, हा दरवाजा. निरोगी माणसात तो 4 ते 6 चौरस सेंटिमीटर उघडतो. लहानपणी घसा दुखून ताप आला, सांधे सुजले, घसा बरा झाला आणि सगळे विसरून गेले. पण स्ट्रेप्टोकोकस जंतूविरुद्ध पेटलेली शरीराची प्रतिकारशक्ती झडपेवरच घसरली आणि वर्षानुवर्षे झडपेच्या पाकळ्या जाड होत, एकमेकींना चिकटत गेल्या. हा र्‍हुमॅटिक हृदयविकार. आपल्याकडे तो अजून संपलेला नाही, आणि मायट्रल झडप आवळण्याचे सर्वांत मोठे कारण तोच आहे. झडपेचे तोंड दीड चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून लहान झाले की आजार गंभीर धरतात.

आवळलेल्या झडपेत सगळा खेळ वेळेचा असतो. वरच्या कप्प्यातले रक्त खाली उतरते ते हृदय सैल पडलेले असते तेव्हाच. नाडी मिनिटाला 60 असेल तर प्रत्येक ठोक्याला एक सेकंद मिळतो. त्यातला साधारण एक तृतीयांश आकुंचनात जातो आणि उरलेल्या वेळात खालचा कप्पा भरतो. मिनिटाचा हिशेब केला तर भरायला सुमारे 40 सेकंद. नाडी 120 झाली की ठोक्याला अर्धाच सेकंद मिळतो. आकुंचनाचा वेळ त्या प्रमाणात घटत नाही, तो पाव सेकंदाच्या आसपास राहतो. काट बसते ती भरण्याच्या वेळेला आणि मिनिटाला 30 सेकंदच हाती उरतात. दादरला लोकलचे दार अर्धेच उघडावे आणि थांबण्याची वेळही घटावी, मग फलाटावर जी चेंगराचेंगरी होईल ती झडपेच्या वरच्या कप्प्यात होते.

आकडे मांडून पाहू. एका रुग्ण स्त्रीची झडप साधारण 1.35 चौरस सेंटिमीटरची आहे असे धरा. ती स्त्री शांत बसली आहे, हृदयातून मिनिटाला 5 लिटर रक्त जाते आणि ते 40 सेकंदांत झडपेतून उतरते, म्हणजे सेकंदाला 125 मिलिलिटर. एवढ्यासाठी झडपेच्या वर आणि खाली सुमारे 6 मिलिमीटर पाऱ्याचा दाबाचा फरक लागतो. आता ती पाण्याची कळशी घेऊन जिना चढली. अॅड्रिनलिन वाढले, नाडी 120 झाली, शरीराने साडेसात लिटर मागितले आणि वेळ उरला 30 सेकंद. प्रवाह सेकंदाला 250 मिलिलिटरवर गेला, म्हणजे दुप्पट झाला. पण दाबाचा फरक प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तो चौपट होऊन 24 वर पोचतो. निलयातला मूळचा दाब त्यात मिळवला की वरच्या कप्प्यातला दाब 25 च्या पुढे जातो. रक्तातली प्रथिने केशवाहिन्यांत पाणी धरून ठेवू शकतात ती साधारण तेवढ्याच दाबापर्यंत. त्यापुढे फुप्फुसात पाणी झिरपू लागते. तिला लागलेली धाप म्हणजे हेच पाणी. गोर्लिन पिता-पुत्रांनी 1951 मध्ये झडपेचे क्षेत्रफळ काढण्याचे जे सूत्र दिले, त्याच सूत्रातून हे आकडे येतात.

धाप लागली की माणूस घाबरतो, घाबरला की अॅड्रिनलिन आणखी सुटते, नाडी आणखी पळते आणि झडपेतून उतरणारे रक्त आणखी अडते. निरोगी हृदयाला जो हुकूम संकटातून सोडवतो, तोच इथे संकट वाढवत नेतो. बीटा-ब्लॉकर हे चक्र इथेच तोडतो. त्याच जिन्यावर नाडी 120 ऐवजी 90 राहिली तर भरण्याचा वेळ मिनिटाला 33 सेकंदांच्या घरात जातो. हृदयाचा एकूण पुरवठाही थोडा घटेल, साडेसहा लिटर धरू. मग दाबाचा फरक 24 ऐवजी सुमारे 15 राहतो आणि फुप्फुसे कोरडी राहतात. यात तोटाही आहे, कारण पुरवठा घटल्याने स्नायूंना थकवा जाणवू शकतो. म्हणूनच गोळीने प्रत्येकाचा चालण्याचा आवाका वाढतोच असे नाही. काहींची धाप जाते आणि तिच्या जागी पाय जड होतात. मात्रा ठरवताना डॉक्टर नाडी मोजतात आणि ‘दमता की थकता?’ असेही विचारतात, ते याचसाठी. एट्रियल फिब्रिलेशन सुरू होऊन नाडी अनियमित आणि भरधाव झाली असेल, तर हीच गोळी वरून येणारे ठोके वाटेत अडवून खालच्या कप्प्याचा वेग आवरते. तिथे तिचा उपयोग आणखी ठळक दिसतो.

हे सगळे सर्वांत तीव्रपणे दिसते ते गरोदरपणात. आपल्याकडे कितीतरी स्त्रियांना झडप आवळल्याचे पहिल्यांदा कळते ते सातव्या-आठव्या महिन्यात. तोवर त्यांनी शेतात राबून, पाणी भरून दिवस काढलेले असतात आणि दम लागतो याला ‘अशक्तपणा’ एवढेच नाव मिळालेले असते. गरोदरपणात रक्ताचे आकारमान जवळपास 40 ते 50 टक्क्यांनी वाढते, नाडीही मिनिटाला 10 ते 20 ठोक्यांनी वाढते. म्हणजे झडपेतून जायचे रक्त वाढले आणि वेळ घटला. ‘दिवस भरत आले की दम लागायचाच’ या घरच्या समजुतीने अशा बाया उशिरा दवाखान्यात येतात. आडवे झोपवत नाही, रात्री खोकल्याची उबळ येते, थुंकीत कधी रक्ताचा अंश दिसतो. या लक्षणांवर टूडी इको झालाच पाहिजे, इथे मला कसलीही सवलत मान्य नाही. निदान झाल्यावर विश्रांती, लघवीवाटे पाणी काढणारे औषध आणि मेटोप्रोलॉल एवढ्यावर पुष्कळ जणी प्रसूतीपर्यंत सुखरूप पोचतात. अॅटेनोलॉल शक्यतो टाळतात, कारण त्याने गर्भाची वाढ खुंटण्याची भीती असते. प्रसूतीच्या कळांत ताणाची हार्मोन्स उसळतात, म्हणून वेदना कमी करणे हाही इथे हृदयाचाच उपचार ठरतो. बाळ बाहेर आल्यावर गर्भाशय आकसून त्यातले रक्त एकदम हृदयाकडे परतते. त्यामुळे प्रसूतीनंतरचे पहिले एक-दोन दिवस सर्वांत जोखमीचे असतात. सुटका झाली म्हणून घरच्यांनी तेव्हा निर्धास्त होऊ नये.

औषध मात्र वेळ मिळवून देते, झडप उघडत नाही. त्यासाठी कांजी इनोउए या जपानी शल्यविशारदाने बनवलेला फुगा आहे. तो मांडीच्या शिरेतून हृदयापर्यंत नेतात आणि चिकटलेल्या पाकळ्या त्याने सोडवतात. 1980 च्या दशकापासून हा उपचार भारतात मोठ्या प्रमाणावर रुजला. गरज पडली तर तो गरोदरपणातही करता येतो.

मायट्रल झडप गळत असेल तर गोष्ट निराळी. इथे हार्मोन्स आधी मदतीला येतात. प्रत्येक ठोक्याला काही रक्त मागे जाते, पुढे कमी पडते, म्हणून सिंपथेटिक मज्जातंतू हृदयाला हाकत राहतात. वर्षानुवर्षे असे हाकल्याची किंमत पेशी मोजतात. सततच्या नॉरअॅड्रिनलिनमुळे त्यांच्यात कॅल्शियमचा भार वाढतो, काही पेशी मरतात आणि त्यांच्या जागी तंतुमय ऊती येते. हृदय स्वतःच्या बचावासाठी रिसेप्टर कमी करत जाते. निकामी झालेल्या मानवी हृदयांत बीटा रिसेप्टरची घनता जवळपास निम्मी झाल्याचे मायकेल ब्रिस्टो आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये दाखवले. दोन वर्षांनी जे कोन यांच्या गटाने हृदय अशक्त झालेल्या 106 रुग्णांच्या रक्तातले नॉरअॅड्रिनलिन मोजले. ज्यांच्यात ते जास्त, ते लवकर दगावत होते.

दमलेल्या हृदयाला बीटा-ब्लॉकर देणे हा तेव्हाच्या वैद्यकात गुन्हाच मानला जाई. आधीच जोर नाही, त्यात उरलेला जोर काढून घ्यायचा? स्वीडनमधल्या गोटेनबर्गच्या डॉक्टरांनी मात्र 1975 मध्येच सात रुग्णांना तो देऊन पाहिला होता आणि त्यांची हृदये सुधारल्याचे लिहिले होते. फार थोड्यांनी विश्वास ठेवला. 1999 मध्ये बिसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉलच्या दोन मोठ्या चाचण्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटलेले दिसले, तेव्हा विरोध मावळला. हार्मोनची रोजची मारझोड थांबली की स्नायू सावरतो. मेटोप्रोलॉल दीर्घकाळ घेतल्यावर कमी झालेले रिसेप्टर काही प्रमाणात परत येतात. हृदय फुगल्यामुळे झडप गळू लागली असेल, तर हृदय आकसते तशी गळतीही घटते.

झडप मुळातच खराब होऊन गळत असेल तर पुरावा इतका भक्कम नाही, पण लक्ष द्यावा असा आहे. 1994 मध्ये अमेरिकेत कुत्र्यांवर झालेल्या प्रयोगात मायट्रल गळतीने अशक्त झालेल्या हृदयांना अॅटेनोलॉल दिल्यावर स्नायूची ताकद परतली. पुढे 2012 मध्ये लक्षणे नसलेल्या 38 माणसांवरची दोन वर्षांची चाचणी प्रसिद्ध झाली. मेटोप्रोलॉल घेणाऱ्यांचे हृदय पंपाचे काम अधिक चांगले टिकवून होते. चाचणी लहान आहे. तेवढ्यावर शस्त्रक्रिया लांबणीवर टाकणे चुकीचे, असे माझे स्पष्ट मत आहे. गळणाऱ्या झडपेची दुरुस्ती योग्य वेळी झाली तर तिची बरोबरी कोणतीही गोळी करू शकत नाही.

महाधमनीच्या झडपेचे प्रकरण थोडक्यात आटोपते. ती गळत असेल तर हृदय सैल पडल्याच्या काळात रक्त मागे येते, म्हणून नाडी संथ झाली की गळायला अधिक वेळ मिळतो. संसर्गाने झडप अचानक फाटली तर वेगवान नाडीच रुग्णाला तगवून धरत असते. तिथे बीटा-ब्लॉकर देणे म्हणजे त्याचा शेवटचा आधार काढून घेणे. याला अपवाद मार्फन आजाराचा. त्यात महाधमनीची भिंतच कमकुवत असते आणि प्रत्येक ठोक्याचा धक्का सौम्य करण्यासाठी हीच गोळी देतात. महाधमनीची झडप आवळली असेल तर पूर्वी या औषधाकडे पाहतही नसत. आता लक्षणे नसलेल्या, पंप चांगला असलेल्या आणि उच्च रक्तदाबही असलेल्या रुग्णाला ते सावधपणे दिले जाते. हृदय अशक्त होऊन दम लागू लागला असेल तर मात्र जुनी भीती आजही खरी आहे.

शेजाऱ्याला ‘व्हॉल्व्हसाठी’ दिलेली गोळी आपल्या व्हॉल्व्हला चालत नाही, ती यामुळे. दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे, कारण श्वासनलिका मोकळ्या ठेवण्याचे काम बीटा-2 रिसेप्टर करतात. मधुमेहाची औषधे चालू असतील तर साखर उतरल्यावर येणारी धडधड आणि थरथर या गोळीने झाकली जाते, घाम मात्र येतो. त्या घामाकडे लक्ष ठेवावे.

सर्वांत जपायचे ते गोळी बंद करताना. औषध चालू असताना शरीर बीटा रिसेप्टरची संख्या वाढवत असते आणि हार्मोन्सही पूर्वीसारखीच सुटत असतात. गोळी एकाएकी थांबली की वाढलेल्या रिसेप्टरवर ती सगळी तुटून पडतात. आवळलेल्या झडपेच्या रुग्णाची नाडी मग एक-दोन दिवसांत भडकते. गावी जाताना पाकीट घरी विसरले, उपास म्हणून गोळ्या सोडल्या, बरे वाटते म्हणून थांबवल्या, आणि रुग्ण फुप्फुसात पाणी होऊन दवाखान्यात, असे घडते. बंद करायचीच असेल तर मात्रा एक-दोन आठवड्यांत हळूहळू उतरवतात, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. शस्त्रक्रियेच्या दिवशी उपाशीपोटी यायला सांगितले असेल, तर सकाळची ही गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची का, हे भूलतज्ज्ञाला आदल्या दिवशीच विचारून ठेवावे. बहुतेक वेळा उत्तर ‘घ्या’ असेच येते.